टेनेसी वॉल्ट्झ

टेनेसी वॉल्ट्झ : विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अतिशय लोकप्रिय झालेले एक भावगीत. शब्दरचना रेड स्ट्यूअर्ट (२७ मे १९२३ – २ ऑगस्ट २००३) याची व स्वररचना पी वी किंग (१८ फेब्रुवारी १९१४ – ७ मार्च २०००) याची. गीताची रचना १९४६ मध्ये झाली आणि त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये विक्रीस आली. तथापि त्याची खरी ख्याती गायिका पॅटी पेज (८ नोव्हेंबर १९२७ – १ जानेवारी २०१३) हिने १९५० च्या अखेरीस गायिलेल्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरू होते. टेनेसी राज्याने १९६५ मध्ये ते राज्यगीत म्हणून स्वीकारले. मात्र नावावरून वाटते तसे ते त्या भूमीतील परंपरागत लोकगीत नव्हे. स्थलांतरितांचे नृत्यसंगीत, नभोवाणी, कृष्णवर्णीयांचा वाद्यवृंद, नॅशव्हिल येथील गीतप्रकाशन आणि न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणकला अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या गोष्टींच्या देवघेवीतून ते घडले, आणि या घडणीतील काही वाटेकऱ्यांची नावे पुढे बहुतांशी विस्मृतीत गेली.

वॉल्ट्झ हा मूळचा मध्य यूरोपातील, स्त्रीपुरुषांच्या जोडीने गिरक्या घेत करावयाचा नृत्यप्रकार. त्याचे संगीत तीन-तीन मात्रांच्या आवर्तनांत चालते व त्यांतील पहिल्या मात्रेवर जोर असतो. भारतीय श्रोत्यास त्याची चाल दादरा तालाशी स्थूलमानाने मिळतीजुळती वाटेल. यूरोपीय स्थलांतरितांबरोबर हा प्रकार अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोहोचला आणि तेथील फिडलवादकांच्या व अकॉर्डियनवादकांच्या हाती रुळला.

गीतातील कथा अगदी लहान आहे. निवेदक आपल्या प्रिय व्यक्तीबरोबर ‘टेनेसी वॉल्ट्झ’च्या सुरांवर नाचत असता एक जुना स्नेही भेटतो, निवेदक दोघांची ओळख करून देतो, ती दोघे नाचू लागतात आणि नाचता नाचताच ते प्रेम निवेदकाच्या हातून निसटते. त्या रात्रीची आणि त्या सुरांची आठवण तेवढी मागे राहते. यात कोणावर आरोप नाही, शाप नाही की सूडाची भाषा नाही. स्नेह्याविषयीचे एखादे सर्वनाम बदलले, की हेच शब्द स्त्रीच्या वा पुरुषाच्या तोंडी सारखेच शोभतात. अनेक गायक-गायिकांनी ते सहजपणे आपलेसे केले यामागे हेही एक कारण आहे. रचनेतील खरी खुबी मात्र निराळी आहे. ज्या सुरांनी घात केला त्यांचे नाव आणि श्रोता ऐकत असलेल्या गीताचे नाव एकच आहे. परंतु त्या रात्री वाजलेले मूळ सूर गीतात कोठेच ऐकू येत नाहीत. दुःखाचे निमित्त आणि दुःखाचे गाणे एकाच नावाखाली नांदतात. भाबड्या वाटणाऱ्या या गीतास जो काही चटका आहे तो या योजनेतून आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पी वी किंगचे मूळ नाव ज्यूलिअस फ्रँक अँटनी कुचिन्स्की. तो विस्कॉन्सिन राज्यातील पोलिश वंशाच्या कुटुंबात जन्मला. त्याचे वडील पोल्का नृत्याचा वाद्यवृंद चालवीत. त्यांच्याकडूनच अकॉर्डियन त्याच्या हाती आले. ‘किंग’ हे आडनाव त्याने वेन किंग या वाद्यवृंदप्रमुखावरून उचलले. वेन किंग हा वॉल्ट्झ संगीतासाठीच नावाजलेला होता, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल. ‘पी वी’ म्हणजे बुटका. हे टोपणनाव चित्रपटांतील गायक-नट जीन ऑट्री याने दिले. किंगचा ‘गोल्डन वेस्ट काउबॉइज’ हा वाद्यवृंद १९३७ पासून नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या सुप्रसिद्ध नभोवाणी-कार्यक्रमात वाजवू लागला. डोंगराळ भागातील साध्या तंतुवाद्यांचा अभिमान बाळगणाऱ्या त्या रंगमंचावर अकॉर्डियन, तुतारी, विद्युत् गिटार व ढोल-झांजा यांसारखी वाद्ये आणण्याचे श्रेय व त्याबद्दल झालेली कुरबूर ही दोन्ही किंगच्या वाट्यास आली. रेड स्ट्यूअर्ट हा या वाद्यवृंदातील फिडलवादक व गायक. तो टेनेसी राज्यातच जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सैन्यात होता आणि सैनिकाच्या अखेरच्या पत्राविषयीचे त्याचे एक गीत अर्नेस्ट टब या गायकाने १९४४ मध्ये लोकप्रिय केले होते. वियोगाचा विषय त्याला नवा नव्हता.

‘टेनेसी वॉल्ट्झ’च्या जन्माची हकीकत दोघांनीही पुढे अनेकदा सांगितली. वाद्यवृंदाचे सामान घेऊन मोटारीने नॅशव्हिलकडे येत असताना नभोवाणीवर बिल मन्रोचे ‘केंटकी वॉल्ट्झ’ हे त्या वर्षी गाजत असलेले गीत लागले. केंटकीवर वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीवर का नसावा, असा प्रश्न स्ट्यूअर्टने काढला. वाद्यवृंद आपल्या कार्यक्रमांत एक बिननावाची वॉल्ट्झची धून वाजवीत असे व तिला ‘नो नेम वॉल्ट्झ’ म्हणजे ‘निनावी वॉल्ट्झ’ असेच म्हटले जाई. त्या धुनेवर शब्द बसवावयाचे ठरले आणि आगपेटीच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर स्ट्यूअर्टने ते टिपून घेतले. आगपेटीवर, पाकिटावर किंवा जेवणावळीच्या कागदावर गाणे लिहिल्याच्या कथा लोकप्रिय संगीताच्या इतिहासात इतक्या आहेत, की त्या जपूनच घ्याव्या लागतात. पण मुळात धून होती व शब्द नंतर आले, आणि शब्दांना चालना एका दुसऱ्या राज्याच्या गाण्याने दिली, हा भाग महत्त्वाचा आहे. टेनेसीचे नाव या गीतात प्रादेशिक जिव्हाळ्यापेक्षा नभोवाणीवरील स्पर्धेतून आले. गीतात टेनेसीची नदी नाही, डोंगर नाही, गाव नाही; आहे ते केवळ नाव.

हे गीत नॅशव्हिल येथील ‘अकफ-रोझ’ या प्रकाशनसंस्थेकडे देण्यात आले. संस्थेचा एक संस्थापक फ्रेड रोझ हा स्वतः जाणता गीतकार होता व इतरांच्या रचनांवरून हात फिरविण्यात त्याचा लौकिक होता. याही गीतातील एका ओळीत त्याने फेरफार केला. किंगच्या वाद्यवृंदाने डिसेंबर १९४७ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केले. गायन स्ट्यूअर्टचे होते. १ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत सर्वच कंपन्यांनी घाईघाईने मुद्रणे उरकून घेतली. हे त्यांपैकीच एक. ते १९४८ मध्ये बाजारात आले. किंगच्या वाद्यवृंदातील माजी गायक काउबॉय कोपास यानेही ते त्याच सुमारास ध्वनिमुद्रित केले. दोन्ही मुद्रिका ग्रामीण संगीताच्या तक्त्यात वरच्या क्रमांकांवर पोहोचल्या आणि प्रकरण तेथेच थांबले असे दिसत होते.

ते तेथे का थांबले हे समजण्यासाठी त्या काळच्या अमेरिकन संगीतव्यवसायाची विभागणी ध्यानात घेतली पाहिजे. ‘बिलबोर्ड’ हे व्यवसायाचे साप्ताहिक ध्वनिमुद्रिकांच्या खपाचे तक्ते प्रसिद्ध करी. एक तक्ता सर्वसामान्य लोकप्रिय संगीताचा, म्हणजे प्रत्यक्षात शहरी गोऱ्या श्रोत्यांचा; दुसरा दक्षिणेकडील व पश्चिमेकडील गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांचा; तिसरा कृष्णवर्णीयांचा. दुकाने, नभोवाणी केंद्रे, ज्यूकबॉक्स (नाणे टाकले असता हवी ती तबकडी वाजविणारे यंत्र) यांचे पुरवठादार हे सारेच या विभागणीप्रमाणे वागत. तिसऱ्या तक्त्याचे ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे वंशवाचक नाव १९४९ मध्ये बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ करण्यात आले व त्याच सुमारास ग्रामीण संगीताच्या तक्त्यास ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव मिळाले. नावे बदलली, कुंपणे बव्हंशी कायम राहिली. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ ही संज्ञा सुचविणारा साप्ताहिकाचा तरुण वार्ताहर म्हणजे जेरी वेक्सलर. ‘टेनेसी वॉल्ट्झ’चा पुढचा प्रवास त्याच्यामुळेच झाला.

अर्स्किन हॉकिन्स हा ॲलाबॅमातील कृष्णवर्णीय तुतारीवादक व वाद्यवृंदप्रमुख. स्विंग पद्धतीच्या जॅझ संगीतात त्याचे नाव होते [→ जॅझ संगीत]. १९५० मध्ये त्याने हे गीत आपल्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले. ग्रामीण गोऱ्या वादकांची रचना कृष्णवर्णीयांच्या नृत्यवाद्यवृंदाने उचलावी, यात त्या दोन्ही समाजांतील संगीतकारांना काही वावगे वाटत नव्हते. वेगळे होते ते बाजार. हॉकिन्सची ही मुद्रिका वेक्सलरच्या कानी पडली आणि त्याने ती पॅटी पेजचा व्यवस्थापक जॅक रेल याला सुचविली. पेजच्या मुद्रिकेने मिळविलेल्या यशाच्या वर्णनांत हॉकिन्सचा उल्लेख पुष्कळदा गाळला जातो, अथवा एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः अकॉर्डियन आणि फिडल यांच्या संगतीतून हे गीत नागर वाद्यवृंदाकडे वळविण्याचे काम प्रथम त्याने केले होते.

पॅटी पेजचे मूळ नाव क्लॅरा ॲन फाउलर. ओक्लाहोमा राज्यातील क्लेअरमोर येथे, रेल्वे-कामगाराच्या मोठ्या कुटुंबात ती जन्मली. टल्सा येथील नभोवाणी केंद्रावर ‘पेज मिल्क कंपनी’ या दुग्धव्यवसायी संस्थेने पुरस्कृत केलेला एक कार्यक्रम होता व त्यात गाणाऱ्या मुलीस ‘पॅटी पेज’ म्हणत. क्लॅराने ते नाव कार्यक्रमाबरोबरच घेतले आणि पुढे जन्मभर वापरले. रेलने तिचा आवाज नभोवाणीवर ऐकून तिला हाती धरले व १९४७ पासून ती मर्क्युरी कंपनीसाठी गाऊ लागली. तिचा आवाज भारदस्त नव्हता. परंतु तो स्थिर, मृदू व उच्चारस्पष्ट होता आणि ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहून हलक्या स्वरात गाण्याच्या नव्या रीतीस फार अनुकूल होता.

मर्क्युरीत असतानाच तिच्या मुद्रणांत एक तांत्रिक प्रयोग सुरू झाला. ‘कन्फेस’ या गीतात दुसऱ्या आवाजाची गरज होती. तो दुसरा आवाजही पेजचाच घेण्यात आला. १९५० मध्ये आलेल्या दुसऱ्या एका गीतात तिने चारही आवाज स्वतःच गायिले. यासाठी प्रथम एक आवाज तबकडीवर किंवा चुंबकीय फितीवर मुद्रित करीत. मग तो वाजवून गायिका तो ऐकत दुसरा आवाज गाई व दोन्ही मिळून नवे मुद्रण तयार होई. प्रत्येक पुनर्मुद्रणागणिक पहिल्या आवाजातील बारकावे थोडे पुसट होत आणि खरखर वाढे. शिवाय शेवटच्या आवाजात चूक झाली, तर आधीचे श्रम वाया जात. आजच्या बहुपथ मुद्रणयंत्रांवर हे काम क्षुल्लक वाटते. त्या वेळी ते कसबाचे होते व गिटारवादक लेस पॉल हाही याच दिशेने प्रयोग करीत होता.

‘टेनेसी वॉल्ट्झ’चे मुद्रण न्यूयॉर्क येथे नोव्हेंबर १९५० मध्ये, रेलच्या वाद्यवृंदासह झाले. नाताळचा हंगाम तोंडावर होता आणि ‘बूगी वूगी सँटा क्लॉज’ या नाताळच्या गीतावर कंपनीची भिस्त होती. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे तबकडीची दुसरी बाजू भरून काढण्यासाठी घेतले गेले. त्यात पेज एकटी सुरुवात करते आणि नंतर तिचाच दुसरा आवाज खालच्या स्वरावर तिला साथ देऊ लागतो. कंपनीने हे तंत्र आधी नावीन्य म्हणून वापरले होते. येथे ते अर्थाच्या उपयोगी पडले. ज्याचा सोबती गेला आहे असा निवेदक स्वतःच्याच आवाजाशी जोडी करून गात आहे, असा भास त्यातून होतो. हा परिणाम जाणूनबुजून साधलेला असो वा नसो, तो जाणवतो.

नाताळ संपला, सँटा क्लॉज विसरला गेला आणि दुसरी बाजू चालू लागली. १९५० च्या अखेरीस ती ‘बिलबोर्ड’च्या लोकप्रिय संगीताच्या तक्त्यात अग्रस्थानी पोहोचली. खपाच्या तक्त्यात ती नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि एकूण सुमारे तीस आठवडे तक्त्यात टिकली. ग्रामीण संगीताच्या तक्त्यातही तिने दुसरा क्रमांक गाठला. एकूण खपाचे आकडे निरनिराळे दिले जातात. तो काही दशलक्षांच्या घरात गेला, याविषयी मात्र मतभेद नाही.

त्या काळी गीत एका गायकाचे मानले जात नसे. एखादे गाणे चालू लागले, की प्रत्येक कंपनी आपापल्या गायकाकडून ते गाऊन घेई आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन बहुधा गाण्याचे नाव सांगे. त्याप्रमाणे लेस पॉल व मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लाँबार्डोचा वाद्यवृंद इत्यादींच्या मुद्रिका काही आठवड्यांतच निघाल्या व त्याही तक्त्यात आल्या. किंगची जुनी मुद्रिका १९५१ मध्ये पुन्हा चालली. स्पाइक जोन्स या विडंबनकाराने त्याचे विडंबनही करून घेतले. लोकप्रियतेची ती एक पावतीच. घरोघर पियानोवर वाजविण्यासाठी छापलेली स्वरलेखनपत्रेही मोठ्या प्रमाणावर खपली. तरीही या गर्दीत लोकांनी पेजचीच मुद्रिका ‘खरी’ मानली. गाणे महत्त्वाचे की त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण महत्त्वाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दशकात बदलत गेले. छापील स्वरलेखनाचा जमाना ओसरून मुद्रिकेचा जमाना येत होता. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ या दोन्ही जमान्यांत एकाच वेळी यशस्वी झाले, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

याचा सर्वाधिक लाभ नॅशव्हिलला झाला. ‘अकफ-रोझ’ ही संस्था गायक रॉय अकफ व फ्रेड रोझ यांनी १९४२ मध्ये स्थापिली होती. त्यापूर्वी गीतांच्या हक्कांची वसुली मुख्यतः ‘आस्कॅप’ या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेमार्फत होई व तिचा ओढा न्यूयॉर्कच्या गीतकारांकडे असे. ग्रामीण व कृष्णवर्णीय रचनाकारांना तेथे फारसा थारा नव्हता. नभोवाणी कंपन्यांनी १९३९ मध्ये ‘बीएमआय’ ही प्रतिस्पर्धी संघटना उभारली, तेव्हा त्यांना आस्कॅपबाहेरच्या गीतांची निकड भासली व अशा रचनाकारांसाठी दार किलकिले झाले. अकफ-रोझ ही त्या दारातून आत आली. ‘टेनेसी वॉल्ट्झ’मुळे तिला आर्थिक स्थैर्य लाभले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे नॅशव्हिलचे गाणे न्यूयॉर्कच्या गायकांनी गावे, ही गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाची ठरली. १९५१ मध्ये हँक विल्यम्सचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ टोनी बेनेटने गाऊन अग्रस्थानी नेले, ते याच वाटेने. पुढे २००२ मध्ये अकफ-रोझची गीतसंपदा ‘सोनी/एटीव्ही’ या संस्थेने विकत घेतली.

टेनेसीच्या विधिमंडळाने १९६५ मध्ये या गीतास राज्यगीताचा दर्जा दिला. त्या राज्याला आधीपासूनच राज्यगीते होती आणि नंतरही त्यांत भर पडत गेली. त्यामुळे हा मान एकमेव नव्हे. राज्याच्या गौरवाचा एक शब्दही नसलेले आणि प्रेमभंगाची कहाणी सांगणारे गीत शासकीय ठरावाने मान्य व्हावे, ही काहीशी गमतीची गोष्ट आहे. पण जगाच्या पाठीवर टेनेसीचे नाव याच गीताने पोहोचविले होते, आणि विधिमंडळाने एवढे ओळखले असे म्हणता येईल.

कृष्णवर्णीय गायकांचा या गीताशी असलेला संबंध हॉकिन्सबरोबर संपला नाही. सॅम कुक याने १९६४ मध्ये मूळचा संथ डौल टाकून ते द्रुत व उसळत्या लयीत गायिले आणि न्यूयॉर्कच्या ‘कोपाकबाना’ या विलासी नृत्यगृहातील आपल्या मैफलीतही घेतले. ओटिस रेडिंगने १९६६ मध्ये त्याला सोल पद्धतीचा आर्त आविष्कार दिला. रेडिंगचे ध्वनिमुद्रण टेनेसी राज्यातील मेंफिस येथील स्टॅक्स कंपनीसाठी झाले होते. पेजच्या न्यूयॉर्कमधील मुद्रणापेक्षा गीताच्या नावावर त्याचा हक्क अधिकच म्हणावयाचा. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन यानेही ते गायिले. त्याचे १९८५ मधील मैफलीतील ध्वनिमुद्रण २००४ च्या ‘डिअर हेदर’ या संग्रहात प्रसिद्ध झाले असून त्यात त्याने स्वतःचे एक कडवे जोडले आहे.

अमेरिकेबाहेर या गीतास सर्वांत खोल प्रतिसाद जपानमध्ये मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान एप्रिल १९५२ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या, लष्करी ताब्यात होता. लष्करी तळांवरील मनोरंजनगृहांतून व सैनिकांसाठी चालविलेल्या नभोवाणी केंद्रांवरून अमेरिकन गीते जपानी श्रोत्यांच्या कानी पडत आणि तळांवर गाऊन अनेक जपानी संगीतकार उपजीविका करीत. चिएमी एरी (१९३७–८२) ही त्यांपैकीच एक. लहान वयापासून ती सैनिकांपुढे गात असे. जानेवारी १९५२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने आपल्या पहिल्याच मुद्रिकेत ‘टेनेसी वॉल्ट्झ’ काही इंग्रजी व काही जपानी शब्दांत गायिले आणि ती एकाएकी प्रसिद्धीस आली. जेत्यांच्या तळावर शिकलेले गाणे पराभूतांच्या भाषेत येताना त्यातील टेनेसी हे आणखीच दूरचे, जवळजवळ काल्पनिक ठिकाण झाले. हरवलेल्या गोष्टीची हुरहुर तेवढी उरली, आणि त्या पिढीला ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे हिबारी मिसोरा व इझुमी युकिमुरा यांच्याबरोबर एरीचे त्रिकूट चित्रपटांतूनही गाजले. १९५९ मध्ये तिने नट केन ताकाकुरा याच्याशी विवाह केला. १९७१ मध्ये ती दोघे विभक्त झाली व १९८२ मध्ये तिचा अकाली मृत्यू झाला. यासुओ फुरुहाता याने १९९९ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘पोप्पोया’ या चित्रपटात ताकाकुराने होक्काइडो बेटावरील एका आडवळणी रेल्वे स्थानकाच्या वृद्ध स्टेशनमास्तरची भूमिका केली. त्या चित्रपटात ‘टेनेसी वॉल्ट्झ’ची धून वापरलेली आहे.